लाव्हा लॅम्पचं मेण वर चढेना: दोष मेणाचा नाही, बल्बचा

पत्र: भाच्याने दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून लाव्हा लॅम्प आणला, बाटलीत रंगीत मेणाचे गोळे वरखाली फिरतात तो शोभेचा दिवा. सोळा इंची, चंदेरी बैठक, लाल मेण, आत स्वच्छ पाणी. सोबत ११० व्होल्टचा कन्व्हर्टर घेतला होता, त्यावर छान चालायचा. दिवाळीत बल्ब गेला. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ४० वॅटचाच पिवळा बल्ब आणला, तो होल्डरमध्ये बरोबर बसला. पण तेव्हापासून चार-पाच तास लावून ठेवला तरी मेण नुसतं फुगतं, बोटभर वर येतं आणि थांबतं. त्यात मुलाने एकदा बाटली उलटी करून हलवली. आता पाणी धुरकट झालंय आणि तळातली स्प्रिंगही तिरकी दिसते. मेण जुनं झालं का? पाणी बदलता येतं का? धाकटे दीर म्हणतात, बाटली उकळत्या पाण्यात ठेवून मेण एकदाचं पूर्ण वितळवू. आणि रात्रभर लावून ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी दिरांना थांबवा. ती बाटली सीलबंद आहे. आतलं मेण आणि पाणी तापून फुगतं, त्यासाठी वर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर हवेची जागा ठेवलेली असते. उकळत्या पाण्यात किंवा गॅसवर ठेवली की काच एका बाजूने झपाट्याने तापते आणि आतला दाबही वाढतो. २००४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट शहरात एका तरुणाने लाव्हा लॅम्प स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवला. बाटली फुटली, काचेचा तुकडा छातीत घुसला आणि तो गेला. या बाटलीला उष्णता द्यायची ती तिच्या स्वतःच्या बल्बची, खालून आणि सावकाश. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, ऊन, यातलं काहीही नको.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमचं मेण ठीक आहे. बल्ब बदलला त्याच दिवसापासून बिघाड सुरू झाला, हे तुमच्या पत्रातच आहे.

बल्बवर छापलेले वॅट हे त्याच बल्बवर छापलेल्या व्होल्टेजला खरे असतात. दुकानातून आणलेल्या बल्बच्या काचेवर किंवा टोपीवर बारीक अक्षरांत पाहा, २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेलं सापडेल. तो २३० व्होल्टवर ४० वॅट घेतो. तुमचा कन्व्हर्टर मात्र त्याला ११० व्होल्ट देतो. व्होल्टेज निम्म्यावर आलं म्हणून वॅटही निम्मे होतील असं वाटतं, पण ते त्याहून बरेच खाली घसरतात. या बल्बमधून आता जेमतेम १२-१३ वॅट निघत असणार. लॅम्पला हवेत चाळीस! खात्री करायची तर उजेडाचा रंग पाहा. तांबूस-नारिंगी आणि मरगळलेला दिसत असेल तर निदान पक्कं. इतक्या उष्णतेत मेणाचा तळ मऊ होतो, थोडं फुगतं आणि तिथेच बसून राहतं, म्हणजे तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

बल्ब होल्डरमध्ये बरोबर बसला म्हणून कुणाला शंका आली नाही, आणि त्यात दुकानदाराचीही चूक नाही. अमेरिकेतला मोठा स्क्रू ई-२६ मापाचा आणि आपल्याकडचा ई-२७. एका मिलिमीटरचा फरक, त्यामुळे एकमेकांत बसतात. स्क्रूचं माप जुळलं, व्होल्टेज जुळलं नाही.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, काहीही न उघडता करायचा. भाच्याला १२० व्होल्ट, ४० वॅटचे बल्ब आणायला सांगा, दोन-तीन एकदमच. नेमका कोणता, ते लॅम्पच्या बैठकीखालच्या लेबलवर वॅट आणि प्रकारासह छापलेलं असतं. त्या लेबलचा फोटो पाठवला की काम झालं. कन्व्हर्टर तोच चालेल, फक्त तो खरा स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर आहे ना ते बघा. हातात जड लागतो, आत लोखंड-तांब्याचा गाभा असतो, आणि ४० वॅटच्या दिव्याला १०० व्हीएचा, म्हणजे साधारण १०० वॅट पेलणारा, पुरतो. प्रवासात इस्त्री किंवा हेअर ड्रायर चालवायला मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तासन्‌तास चालवण्यासाठी बनवलेले नसतात. एक बारीक गोष्ट अजून. ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट देतो आणि बल्ब १२०चा, म्हणून ४०चे साधारण ३५ वॅटच हाती लागतात. उन्हाळ्यात हा फरक जाणवत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत मात्र लॅम्प अर्धा-पाऊण तास उशिरा जागा होईल.

दुसरा रस्ता कायमचा आहे. लॅम्पची वायरिंग २३० व्होल्टसाठी बदलून घ्यायची आणि कन्व्हर्टर काढून टाकायचा. ई-२७चा चिनीमातीचा होल्डर, तीन तारांची ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, वायरीवरचा स्विच आणि तीन पिनांचा प्लग, एवढंच सामान लागतं. काम वायरमनकडूनच करून घ्या आणि दोन गोष्टी त्याला बजावून सांगा. बैठक धातूची आहे, म्हणून अर्थिंगची तार बैठकीच्या पत्र्याला स्क्रूने पक्की जोडलेली हवी. अमेरिकन लॅम्प बहुतेक दोन पिनांचे येतात, त्यांना अर्थिंग नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. दुसरं म्हणजे नवा होल्डर जुन्याच्याच उंचीवर बसला पाहिजे. बल्बचं डोकं बाटलीच्या तळापासून एक सेंटिमीटर जरी खाली गेलं तरी उष्णता कमी पोहोचते, आणि तळाला टेकलं तर काच तडकते. बैठकीतली भोकं बुजवू नका, ती हवा खेळण्यासाठी ठेवलेली असतात.

जुनीच वायर, जुनाच स्विच ठेवून नुसता कन्व्हर्टर काढायचा, हा अर्धवट उपाय मात्र करू नका. त्या सामानावर १२५ व्होल्ट लिहिलेलं असतं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर तो पहिल्याच दिवशी जळेल.

एक जुगाड कुणीतरी नक्की सुचवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. २३० व्होल्टचा १०० वॅटचा बल्ब ११०च्या कन्व्हर्टरवर लावला तर सुमारे ३२ वॅट मिळतात, म्हणजे कागदावर हिशोब जुळतो. पण १०० वॅटचा बल्ब आकाराने मोठा, बाटलीच्या तळाला भिडण्याची भीती. शिवाय कुणी चुकून प्लग कन्व्हर्टरऐवजी भिंतीत खुपसला, की अमेरिकन वायरिंगवर २३० व्होल्ट आणि चाळिसाच्या लॅम्पमध्ये शंभर वॅट. ज्या घरात मूल बाटली उलटी करून हलवतं, तिथे हे नको.

आणि एलईडी तर अजिबात नको. एलईडी उजेड देतो, पण लॅम्प चालतो उष्णतेवर. आजकाल काचेच्या आत पिवळ्या पट्ट्या दाखवणारे ‘फिलामेंट एलईडी’ मिळतात, दिसायला हुबेहूब जुना बल्ब. दुकानदार तेच देतो, चांगल्या मनाने देतो. खोक्यावर ४ वॅट, ६ वॅट असा आकडा दिसला की परत करा. भारतात ऑनलाइन घेतलेल्या छोट्या लॅम्पमध्ये बहुधा छोटा स्क्रू, म्हणजे ई-१४ असतो आणि २५ किंवा ३० वॅटचा आर-३९ रिफ्लेक्टर बल्ब लागतो. त्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा मुलामा असतो, त्यामुळे उजेड-उष्णता सगळी वर, बाटलीच्या तळाकडे जाते. त्याऐवजी तेवढ्याच वॅटचा साधा गोल बल्ब लावला तर अर्धी उष्णता बैठकीच्या भिंती तापवण्यात वाया जाते. १५ वॅटचा लॅम्प असेल तर हिमालयन सॉल्ट लॅम्पसाठी मिळणारा बल्ब चालतो, २५ वॅटचा असेल तर ओव्हनमधला. दोन्ही बहुतेक ई-१४मध्येच मिळतात.

आता हा सगळा खटाटोप उष्णतेभोवती का फिरतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःलाच निदान करता येईल. बाटलीतलं मेण म्हणजे नुसतं मेणबत्तीचं मेण नव्हे. ते पाण्यावर तरंगलं असतं. त्यात जड द्रव्यं मिसळून ते गार असताना पाण्यापेक्षा किंचित जड केलेलं असतं. तापलं की मेण पाण्यापेक्षा जास्त फुगतं, तेवढ्याने हलकं होतं आणि वर जातं. वर बल्बपासून दूर गेल्यावर थोडं निवतं, जड होतं आणि खाली येतं. म्हणजे तळ तापलेला आणि माथा त्यापेक्षा गार, एवढा फरक टिकला तरच खेळ चालतो. तळ पुरेसा तापला नाही तर मेण उठत नाही, आणि माथाही तळाइतकाच तापला तर वर गेलेलं मेण उतरत नाही. बहुतेक तक्रारी या दोन्हींपैकी एकीत बसतात.

योग्य बल्ब लागल्यावर पहिल्या दिवशी काय दिसेल ते लक्षात ठेवा. पहिला पाऊण तास काहीच घडणार नाही. मग तळचं मेण वितळेल, वरचा थर अजून घट्ट असेल, आणि त्याला फोडून बारीक कोंब वर येतील. कधी दोन, कधी पाच. ते पाण्यात निवून तिथेच वेडेवाकडे गोठतात. इथेच बरेच लोक घाबरतात आणि बाटली हलवतात. हात लावू नका. दीड-दोन तासांत ते कोंब वाकून खाली पडतात, सगळं मेण एक होऊन तळाशी घुमटासारखं बसतं. मग एक मोठा गोळा सुटतो, वर जाऊन काही मिनिटं अडकल्यासारखा थांबतो आणि उतरतो. सोळा इंची लॅम्पला खरी लय सापडायला तीन ते चार तास लागतात, थंडीत चारच्या पुढेही. महिनोन्‌महिने बंद असलेल्या लॅम्पला तर दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात. म्हणून बल्ब बदलल्यावर पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका.

आकार वाचायला शिकलात की फार सोपं होतं. मेण बोटासारखं उभं राहून थांबलं म्हणजे उष्णता कमी. तळापासून माथ्यापर्यंत एकसंध खांब उभा राहिला आणि तुटेना, तर बहुधा अजून पूर्ण तापला नाही. तासभर थांबा, तरी तुटला नाही तर खोली गार आहे का, पंख्याचा झोत अंगावर येतोय का ते पाहा. पंखा आणि एसी हे या दिव्याचे छुपे शत्रू आहेत. समोरून वारा लागला की काचेची ती बाजू निवते आणि मेण तिथे चिकटून बसतं. उलट सगळं मेण वर जाऊन तासभर उतरतच नसेल, किंवा मोठे गोळे जाऊन खूपशा छोट्या गोळ्या भराभर वरखाली पळत असतील, तर लॅम्प जास्त तापलाय. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या.

खोलीचं तापमान साधारण २० ते २५ अंश असावं, या हिशोबाने हे लॅम्प बनतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांनी मे महिन्यात लॅम्प वरच अडकतो म्हणून बल्ब बदलत बसू नये. खोलीतच ४० अंश असताना माथा गार राहायचा कसा? डिमर असेल तर थोडा खाली आणा, नाहीतर रात्री उशिरा, एसीच्या खोलीत पण झोतापासून दूर लावा. ज्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्यांच्यासाठी एक आकडा: २३०चे २०० व्होल्ट झाले की २५ वॅटचा बल्ब २० वॅटवर येतो. पहाटे छान चालणारा लॅम्प संध्याकाळी सात वाजता रुसतो तो यामुळे.

काल पाच गोळे होते, आज दोनच मोठे आहेत, हा मात्र बिघाड नव्हे. या लॅम्पची हालचाल कधीच जशीच्या तशी परत येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या कार्यालयात शंभरेक लाव्हा लॅम्पची भिंतच उभी केली आहे. कॅमेरा तिची छायाचित्रं घेत राहतो आणि त्यातून इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्यांसाठी कुणालाही ओळखता न येणारे आकडे तयार होतात. तेव्हा तुमच्या लॅम्पने मनमानी केली तर करू द्या.

आता तिरक्या स्प्रिंगचं पाहू. ती शोभेची नाही. खाली उतरलेल्या प्रत्येक गोळ्याभोवती पाण्यातल्या साबणासारख्या द्रव्याची पातळ साय असते, त्यामुळे गोळे एकमेकांना टेकूनही मिसळत नाहीत. गरम तारेवर ती साय फुटते आणि मेण पुन्हा एक होतं. स्प्रिंग तळाशी सपाट, काचेला लागून गोल बसलेली हवी. गोठलेल्या मेणात ती तिरकी अडकली असेल तर आत्ता काहीच करू नका. योग्य बल्बवर मेण पूर्ण पातळ झालं की ती जड असल्यामुळे बहुतेक वेळा आपोआप खाली बसते. नाहीच बसली, तर लॅम्प बंद करून, बाटली गरम असतानाच कोरडा जाड टॉवेल बाटलीभोवती धरून, बाटली न उचलता, बैठकीतच डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी फिरवा, बरणीचं झाकण सैल करतो तितक्या हाताने. दोन-चार झटक्यांत स्प्रिंग घसरते. उचलायची नाही, वाकवायची नाही, आपटायची तर नाहीच.

धुरकट पाण्याला थोडा संयम लागेल. बाटली हलवल्याने मेणाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरलेत, ताकात लोण्याचे कण असावेत तसे. बाटली गार असताना हलवली असेल तर आशा चांगली, गरम असताना हलवली असेल तर कमी. उपाय एकच: सहा ते आठ तास चालू, मग पूर्ण गार होईपर्यंत बंद, म्हणजे किमान रात्रभर. असे चार-पाच फेरे. प्रत्येक फेऱ्यात थोडे कण मोठ्या मेणात जाऊन मिसळतात. त्यानंतर आठवडाभर लॅम्प एका जागी, सावलीत, न हलवता ठेवा. फ्रीजमध्ये ठेवून लवकर बसेल असं वाटतं, पण त्याने मेण काचेपासून सुटतं आणि पाणी गोठलं तर बाटलीच फुटते. उन्हात ठेवू नका, रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही.

एवढं करूनही पाणी दुधी राहिलं, तरच पाणी बदलण्याचा विचार करा. होतं ते, पण हौसेचं काम आहे, आणि एकदा बूच उघडलं की लॅम्प पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा होईलच याची हमी नाही. लॅम्प १९७० च्या आधीचा, आजोबांच्या काळचा असेल तर उघडूच नका. त्या काळच्या मेणात कार्बन टेट्राक्लोराइड असायचं, ते विषारी आहे. नव्या मेणातही क्लोरीनयुक्त द्रव्यं असू शकतात. म्हणून हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं, चमचा, गाळणी या कामाला वापरू नका.

सामान असं: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दोन-अडीच लिटर, केमिस्टकडचं एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम, रंगहीन भांडी घासायचं लिक्विड, आणि सुईशिवायची १० मिलिलिटरची सिरिंज. नळाचं पाणी नको, बोअरचं तर मुळीच नको. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून पुन्हा तोच धुरकटपणा आणतो. घरातलं मीठही टाळा. त्यात गाठी होऊ नयेत म्हणून घातलेली पूड पाणी गढूळ करते आणि मीठ स्प्रिंगला गंज आणतं.

चोवीस तास बंद ठेवलेल्या, थंडगार बाटलीवर पाण्याची पातळी चिकटपट्टीने खूण करून ठेवा. वरची धातूची टोपी काढली की खाली सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच दिसेल. ते ओपनरने सगळीकडून थोडं थोडं उचला, एका बाजूने वाकवू नका, कारण तेच परत बसवायचंय. पाणी हळूच ओतून काढा, मेण घट्ट असल्यामुळे तळाशीच राहील. थोडं डिस्टिल्ड वॉटर काचेच्या कडेने सोडून दोनदा विसळून घ्या. मग खुणेच्या चार-पाच सेंटिमीटर खालपर्यंत भरा. ही जागा पुढच्या मिश्रणासाठी आहे. तोंडावर नुसतं बूच टेकवून ठेवा, दाबू नका, आणि लॅम्प तीन तास लावा. मेण पूर्ण वितळेल पण तळाशीच बसून राहील, कारण साधं पाणी त्याला उचलायला पुरेसं जड नाही.

आधी साबण. ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विडचा एकच थेंब विरघळवा आणि त्यातलं पाच-पाच मिलिलिटर घाला. मेण काचेला चिकटेनासं झालं की थांबा, उरलेलं फेकून द्या. साबण जास्त झाला तर मेणाचे मणी होतात आणि ते एकत्र यायचं नाव घेत नाहीत. या कामात बिघडतं ते बहुतेक इथेच.

मग एप्सम सॉल्ट. १०० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५० ग्रॅम विरघळवून स्वच्छ सुती कापडातून गाळून घ्या. सिरिंजने पाच मिलिलिटर काचेच्या कडेने सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसा. घाई केली की मीठ तळाशी साचतं, काहीच होत नाही असं वाटतं, तुम्ही आणखी घालता, आणि मग सगळं एकदम मिसळून मेण वर जाऊन बसतं. घुमट उंच व्हायला लागला की दोन-दोन मिलिलिटरवर या. पहिला गोळा सुटून वर गेला की थांबा, तो लगेच उतरला नाही तरी थांबा. दुसऱ्या दिवशी मिश्रण एकजीव झाल्यावरच खरी चाल दिसते. तरीही मेण वरच राहिलं तर ५० मिलिलिटर पाणी काढून तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. सगळं जमल्यावर, लॅम्प गार झाल्यावर, पातळी जुन्या खुणेपर्यंत आणा, खुणेच्या वर नको. बूच दाबून बसवा आणि कडेने सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ मारून एक दिवस सुकू द्या.

रात्रभराचं उत्तर: नाही. सलग आठ तास ही मर्यादा धरा, दहाच्या पुढे कधीच नको. त्यानंतर माथा इतका तापतो की मेण वरच राहतं, रोज असं केलं तर रंग फिका पडतो आणि पाणी पुन्हा धुरकट होतं. झोपताना बंद करायचं लक्षात राहत नसेल तर सॉकेटमध्ये लावायचा यांत्रिक टायमर घ्या, गीझरला वापरतात तसला. चालू लॅम्पची बाटली काढायची नाही, सरकवायचीही नाही. काचेचं तापमान ५०-६० अंशांपर्यंत जातं. मुलाचा हात पोहोचणार नाही, पडद्याला टेकणार नाही आणि पंख्याखाली येणार नाही अशी जागा शोधा. सपाट, जड टेबल उत्तम. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या वर नको, खालून आणखी उष्णता मिळते आणि सगळा हिशोब चुकतो.

भाच्याला लेबलचा फोटो पाठवताना दुसरीही एक गोष्ट विचारून घ्या, तो लॅम्प नवा घेतला होता की जुन्या वस्तूंच्या बाजारातून. हा दिवा मूळचा ब्रिटिश. एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी १९६३ साली तो इंग्लंडमध्ये बाजारात आणला आणि काही वर्षांतच अमेरिकन कंपनी शिकागोत तो बनवू लागली. म्हणून सारख्याच दिसणाऱ्या लॅम्पचे २४० व्होल्टचे आणि १२० व्होल्टचे असे दोन्ही भाऊबंद जगात फिरतात. जुन्या बाजारातल्या लॅम्पवर कुणी कधी होल्डर बदललाय, बाटली एकाची आणि बैठक दुसऱ्याची जोडलीय, असंही असतं. तसं असेल तर लेबलवरच्या वॅटवर विसंबून चालत नाही. मग २५ वॅटपासून सुरुवात करा, चार तासांत मेण उठलं नाही तरच ४०वर जा. सोळा इंची बाटलीला त्याहून जास्त कधीच देऊ नका.